निजामाच्या खानेसुमारीत पणजोबांचे नाव

गोरेगाव म्हटले की आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर पश्चिम रेल्वेवरचे स्थानक उभे राहते. कोकणातील वाचकांना माणगाव तालुक्यातले गोरेगाव आठवेल. आम्हांस येथे ज्या गोरेगावाविषयी लिहावयाचे आहे ते या दोहोंहून निराळे. ते मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात, वऱ्हाडच्या बाजूस वसले आहे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत या मुलखावर निजामाचा अंमल होता, आणि हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा एक तालुका होता.

त्या गावाकडचे, परंतु दोन पिढ्यांपासून मुंबईत राहणारे एक कॅथलिक वाचक आम्हांस पत्राने विचारतात : "निजामाच्या काळच्या खानेसुमारीत माझ्या पणजोबांचे नाव कोठे पाहावयास मिळेल?" प्रश्न सरळ आहे, त्यामागची व्यथा तितकी सरळ नाही. या गृहस्थांनी आपल्या घराण्याचा इतिहास लिहावयास घेतला, तेव्हा कुणा अभ्यासू परिचिताने त्यांना सुनावले की १९०१ च्या तक्त्यांत त्या भागात ख्रिस्ती जवळजवळ नाहीतच. तेव्हा तुमच्या घरची श्रद्धा ही अलीकडची, शाळेच्या नि दवाखान्याच्या आशेने घेतलेली असली पाहिजे. पणजोबांच्या प्रार्थनेच्या आठवणी आजीच्या तोंडून ऐकत वाढलेल्या माणसाला हे बोल किती लागले असतील, ते सांगावयास नको.

या पत्राच्या निमित्ताने हैदराबाद संस्थानच्या जनगणना अहवालांचा आणि त्यांच्या आधारे होणाऱ्या लेखनाचा थोडा परामर्श घ्यावा, असे आम्हांस वाटले. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हे अहवाल मोलाचे आहेत. त्यांच्यावाचून मराठवाड्याचा सामाजिक इतिहास लिहिताच येणार नाही. परंतु ते समूहांविषयी बोलतात, माणसांविषयी नव्हे. समूहाचा आकडा पुढे करून एखाद्या घराची वंशावळ किंवा श्रद्धा खरी-खोटी ठरविण्याची जी रीत आज पडू पाहत आहे, ती संशोधनाच्या नावाखाली चाललेली चूक आहे.

अहवाल कसा तयार होई

ब्रिटिश हिंदुस्थानात पहिली व्यापक शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली. हैदराबाद संस्थान तीत नव्हते. संस्थानातील पहिली गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. तेव्हापासून १९५१ पर्यंत दर दहा वर्षांनी अशा आठ गणना झाल्या. संस्थानच्या उर्दू दप्तरात या कामाला मर्दुमशुमारी म्हणत; आपल्याकडे रूढ असलेल्या खानेसुमारी या शब्दाचा मूळ अर्थ घरांची मोजणी असा आहे. दोन्ही शब्दांत शुमार आहे, म्हणजे मोजदाद आहे. मोजणाऱ्याला हवी असते ती संख्या. नाव हे मोजताना कोणी सुटू नये वा दोनदा धरला जाऊ नये एवढ्यापुरतेच.

गणनेच्या आधी घरांवर क्रमांक घातले जात. गणक घरोघर जाऊन कच्ची नोंद करी आणि ठरल्या रात्री पुन्हा फिरून ती पक्की करी. १९०१ साली ती रात्र १ मार्चची होती. नमुन्यात नाव, धर्म, स्त्री की पुरुष, लग्न, वय, जात, धंदा, जन्मस्थान, मातृभाषा, साक्षरता, व्यंग असे रकाने असत. घरच्या बायकांचे नाव सांगावयास कोणी कचरला, तर त्या जागी नुसते 'स्त्री' असे लिहावे, अशी गणकांना मुभा होती. म्हणजे मूळ पुस्तकातदेखील पणजीचे नाव असेलच असे नव्हते.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. १९०१ पासून हिंदुस्थानभर चिठ्ठ्यांची पद्धत सुरू झाली. गणकाच्या पुस्तकातील प्रत्येक माणसाची माहिती एका लहानशा चिठ्ठीवर उतरवीत, मग त्या चिठ्ठ्या खणांत टाकून वेगवेगळ्या गठ्ठ्यांनी मोजीत. निरनिराळ्या धर्मांसाठी चिठ्ठ्यांचे रंग निरनिराळे असत. वय, धंदा, भाषा हे सारे नंतर. कागदाचा रंग आधी. एखाद्या कारकुनाने अथवा गणकाने एकदा रंग ठरविला की तो माणूस पुढच्या सर्व तक्त्यांत त्याच रंगाचा राही. आणि तक्ते छापून झाल्यावर ही पुस्तके नि चिठ्ठ्या पुढील पिढ्यांसाठी जपून ठेवण्याची व्यवस्था नव्हती. उरले ते छापील खंड, तेही इंग्रजीत. मराठी शेतकऱ्याने मराठीत दिलेले उत्तर, उर्दूत चालणारा राज्यकारभार आणि इंग्रजीत छापलेला तक्ता, असा या आकड्यांचा प्रवास आहे. प्रत्येक उतरणीवर थोडे सांडले असणारच.

आता या छापील खंडांत गोरेगाव कोठे आहे? जिल्ह्यांचे तक्ते आहेत. शहरांची नावे आहेत. गावांचा मुख्य तक्ता मात्र लोकसंख्येच्या वर्गांप्रमाणे आहे : पाचशेच्या आतली गावे इतकी, पाचशे ते हजार वस्तीची इतकी, हजार ते दोन हजारांची इतकी. गोरेगाव त्या बेरजेत आहे, पण त्यात त्याचे नाव नाही. ज्या तक्त्यात गावाचेच नाव नाही, तेथे गावातील एका माणसाचे नाव कोठून असणार? आमच्या पत्रलेखकांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर हे असे आहे.

स्वातंत्र्यानंतरची स्थितीही ध्यानात घ्यावी. १९५१ पासून जिल्हा जनगणना पुस्तिका निघू लागल्या आणि त्यांत गावाचे नाव व लोकसंख्या दिसू लागली. अभ्यासकांची ती मोठीच सोय झाली. परंतु व्यक्तीची नोंद १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय ठरविली आहे. त्या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार गणनेची पुस्तके पाहण्याचा हक्क कोणासही नाही आणि दिवाणी दाव्यात ती नोंद पुरावा म्हणून चालत नाही. माणसाने निर्भयपणे खरे उत्तर द्यावे म्हणून दिलेले हे अभय आहे. ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की जनगणना हे वंशावळीचे साधन व्हावे हा आपल्या कायद्याचा हेतूच नाही.

दोन साक्षीदार की एकच?

हे जुने आकडे अलीकडे पुन्हा चर्चेत आले ते मराठा आरक्षणाच्या प्रश्नामुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द घरोघर पोहोचला. त्या मागणीचा निवाडा करणे आमचे काम नव्हे आणि येथे तो आम्हांस करावयाचाही नाही. ज्या ग्रंथाचा एवढा बोलबाला झाला तो कसा वाचावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

१९०९ साली कलकत्त्यास छापलेल्या इंपीरियल गॅझेटिअरच्या प्रांतिक मालेतील हैदराबाद संस्थानाच्या खंडात परभणी जिल्ह्याची १९०१ ची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४६ हजार दिली आहे. तीत शेती करणारा सर्वांत मोठा वर्ग सुमारे २ लाख ६१ हजारांचा, म्हणजे शेकडा ४० हून अधिक आहे. वृत्तपत्रांतून आणि व्याख्यानांतून हा आकडा फिरला. मात्र त्यावरचे शीर्षक फारच थोड्यांनी नीट वाचले. ते शीर्षक 'कापू किंवा कुणबी' असे आहे. कापू हा तेलंगणातील शेतकरी समाज, कुणबी मराठवाड्यातला. भाषा वेगळी, रोटीबेटीव्यवहार वेगळा, देवदेवक वेगळे. परंतु तेलुगू, मराठी आणि कानडी अशा तीन मुलखांच्या राज्याला एकच तक्ता हवा होता. म्हणून दोन समाज एका शीर्षकाखाली आले. संपूर्ण संस्थानात या शीर्षकाखाली सुमारे साडेएकोणतीस लाख माणसे, म्हणजे शेकडा २६, दाखविली आहेत. परभणीतील त्या वर्गातले बहुसंख्य लोक मराठी भाषक होते हे उघड आहे. पण शीर्षक त्यांनी स्वतः निवडलेले नव्हते, हेही तितकेच उघड आहे.

यापुढची चूक अधिक सूक्ष्म आहे. काही लेखक आपल्या विधानाला १९०१ चा जनगणना अहवाल आणि १९०९ चे गॅझेटिअर असे दोन आधार देतात आणि दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, असा भाव आणतात. वस्तुतः १८९१ व १९०१ या दोन्ही गणनांचे संस्थानातील अधीक्षक मिर्झा मेहदी खान हे होते, आणि गॅझेटिअरचा तो खंडही त्यांनीच सिद्ध केला. गॅझेटिअरमधले आकडे गणनेचेच आहेत. एका माणसाने एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हणून साक्षी दोन होत नाहीत. मेहदी खान यांच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. दोष त्यांचा नाही. आधारग्रंथांची यादी लांबली म्हणजे पुरावा भक्कम झाला, अशी समजूत करून घेणाऱ्यांचा तो आहे.

शासनालाही केवळ तक्ता पुरेसा वाटला नाही, ही गोष्ट बोलकी आहे. महसुली कागद, शाळांची प्रवेश निर्गम रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी अशा नावानिशी कागदांचा शोध घ्यावा लागला आणि गावपातळीवर चौकशीची तजवीज करावी लागली. समूह किती होता हे तक्ता सांगतो. त्या समूहात अमुक एक माणूस होता की नव्हता, हे त्याला सांगता येत नाही.

आकडा कमी झाला म्हणजे काय झाले?

या अहवालांचा सर्वांत हृदयद्रावक भाग म्हणजे लोकसंख्येच्या चढउताराचा तक्ता. परभणी जिल्ह्यात १८९१ साली सुमारे ८ लाख ५ हजार माणसे होती. १९०१ साली सुमारे ६ लाख ४६ हजार उरली. दहा वर्षांत पाचांतले एक माणूस नाहीसे झाले. त्याच अवधीत संपूर्ण संस्थानाची लोकसंख्या १ कोटी १५ लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर आली, म्हणजे घट शेकडा साडेतीनच्या आतच राहिली. मराठवाड्याच्या या कोपऱ्यावर १८९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी जो घाला घातला, त्याचे याहून बोलके स्मारक आम्हांस ठाऊक नाही.

परंतु येथेही घाई नको. नाहीशी झालेली सारीच माणसे मेली असे तक्ता म्हणत नाही. ती त्या रात्री परभणी जिल्ह्यात नव्हती, इतकेच तो म्हणतो. हिंगोलीच्या उत्तरेस वऱ्हाड आहे. वऱ्हाड तेव्हा ब्रिटिश कारभाराखाली होते आणि त्याची गणना स्वतंत्र खंडात छापली जाई. तेथेही त्या दशकात लोकसंख्या घटली, पण सुमारे पाच टक्क्यांनीच. सीमेजवळच्या गावांतील किती कुटुंबे पोटासाठी वऱ्हाडात गेली, याचा मागोवा वऱ्हाडच्या खंडातील जन्मस्थानाच्या तक्त्यात घ्यावा लागेल. गोरेगावसारख्या गावाचा अभ्यास करणाऱ्याने केवळ हैदराबादचा खंड उघडून भागणार नाही. शेजारच्या राज्याच्या पुस्तकात आपलीच माणसे परगावचे म्हणून नोंदलेली असतात.

सीमांचेही तसेच आहे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे, आणि हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. २००१ ची गणना ही हिंगोली जिल्ह्याची जिल्हा म्हणून पहिली. असे असता नव्या तक्त्यांत १९०१ पासूनचे हिंगोलीचे आकडे दिसतात, ते आजच्या सीमा जुन्या तालुक्यांवर बसवून मागाहून काढलेले आहेत. सोय म्हणून ते उपयुक्तच आहेत. मात्र '१९०१ साली हिंगोली जिल्ह्यात' असे वाक्य लिहिताना तेव्हा तो जिल्हा नव्हता, हे लेखकाने वाचकाला सांगितले पाहिजे.

ख्रिस्ती माणसाचा रकाना

आता पत्रलेखकांच्या मूळ दुखण्याकडे वळू. हैदराबाद संस्थानात १९०१ साली ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २३ हजार होती. १९११ साली ती ५४ हजारांवर गेली, १९२१ साली सुमारे ६३ हजार झाली आणि १९३१ साली दीड लाखाच्या पुढे गेली. हे आकडे पाहून दोन प्रकारचे लेखक दोन प्रकारे हुरळतात. कोणी मिशनकार्याचा विजय म्हणून ते मिरवितो, तर कोणी धर्मांतराच्या लाटेचा बागुलबुवा उभा करतो. दोघेही संस्थानाची बेरीज मराठवाड्यावर लादतात. ही वाढ मुख्यतः तेलंगणातली आहे. मेदककडचे मेथॉडिस्ट मिशन आणि १९१२ साली बिशप अझरय्या ज्याचे पहिले बिशप झाले तो डोर्नकलचा अँग्लिकन धर्मप्रांत, यांच्या कार्यक्षेत्राचा तो इतिहास आहे. १९०१ च्या आकड्यात सिकंदराबादच्या छावणीतील युरोपीय व युरेशियन कुटुंबेही धरलेली आहेत.

हिंगोलीलाही छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचे ते ठाणे १९०३ साली उठले. अशा ठाण्यात अधिकारी, शिपाई, वाजंत्री, नोकरचाकर यांच्यात ख्रिस्ती असत आणि बदलीबरोबर ते जात. तेव्हा १९०१ आणि १९११ यांच्या आकड्यांत अशा ठिकाणी फरक पडला, तर त्याचा श्रद्धेच्या वाढीघटीशी संबंध जोडण्याआधी पलटण कोठे गेली ते पाहिले पाहिजे.

आणि मुळात तक्त्यातील अनुपस्थिती हा दुबळा पुरावा आहे. १८९० च्या दशकात औरंगाबादकडील घोगरगाव परिसरात फादर गुरियन जाकिये यांच्यासारख्या मिशनऱ्यांचे कार्य सुरू झाले. खेड्यापाड्यांत धर्मगुरू वर्षातून एखाददुसऱ्या वेळी येत. अशा काळात गावकुसाबाहेरच्या वस्तीत एखाद्या घराने स्नानसंस्कार घेतला, तर दुष्काळानंतर घाईने फिरणाऱ्या गणकाने त्यांना काय विचारले असेल? बहुधा जात विचारली असेल आणि जातीवरून धर्म स्वतःच भरला असेल. चिठ्ठीचा रंग तेथेच ठरला. पुढे शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक तो रंग पाहून म्हणतो की येथे ख्रिस्ती नव्हते. येथे ख्रिस्ती मोजले गेले नाहीत, एवढेच त्याला म्हणता आले असते.

स्वातंत्र्यानंतर या रकान्यामागे आणखी एक गोष्ट उभी राहिली. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाने ही सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध तीत आले. ख्रिस्ती आलेले नाहीत. याचा परिणाम रकान्यावर कसा होतो हे पाहावयाचे असेल तर आपल्या बौद्ध बांधवांचे उदाहरण घ्यावे. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ साली ती २७ लाखांच्या पुढे गेली. माणसे तीच, गावे तीच. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी एका निर्धाराने आपले उत्तर बदलले, आणि त्या उत्तरापायी कित्येकांनी अनेक वर्षे सवलती गमावल्या. ख्रिस्ती दलितांपुढेही तोच पेच आहे. रविवारी मिस्साला येणारा बाप मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी शाळेत निराळे लिहितो, तेव्हा त्याला लबाड म्हणणे सोपे आहे. ज्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तराची किंमत मुलाच्या शिक्षणाने चुकवावी लागते, तो प्रश्न विचारणाऱ्यानेही अंतर्मुख व्हावयास हवे. संशोधकाने तर असा आकडा वापरताना त्यामागची ही कोंडी सांगितलीच पाहिजे. ती न सांगता दिलेला आकडा बिनचूक असूनही दिशाभूल करतो.

मग नावे कोठे शोधावीत?

इतर देशांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत केंद्र सरकारच्या गणनेखेरीज काही राज्ये आपली स्वतंत्र गणना करीत. १८९० च्या केंद्रीय गणनेचे बहुतेक मूळ कागद १९२१ साली वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर नष्ट झाले. तेव्हा न्यूयॉर्क राज्याने १८९२ साली केलेली गणना अभ्यासकांच्या कामी आली. आयर्लंडची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. एकोणिसाव्या शतकातील तेथील गणनेचे कागद काही रद्दीत गेले आणि उरलेले बहुतेक १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत जळाले. आज आयरिश कुटुंबे आपले पूर्वज शोधतात ते मोठ्या प्रमाणावर कॅथलिक धर्मग्रामांच्या नोंदवह्यांत. सरकारने मोजलेली माणसे जळाली. धर्मगुरूने नावानिशी लिहिलेली राहिली.

आपल्याकडेही या वह्या आहेत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही सक्तीची केली आणि स्नानसंस्काराच्या नोंदीचीही तरतूद केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांची वही आणि कुटुंबवार जीवात्म्यांची यादी यांची त्यांत भर घातली. ही यादी म्हणजे ख्रिस्तसभेची स्वतःची खानेसुमारीच. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत बाळाचे, बापाचे आणि आईचेही नाव असते. धर्मपित्याचे आणि धर्ममातेचे असते. धर्मगुरूची सही आणि तारीख असते. सरकारी नमुन्यात जिच्या जागी नुसते 'स्त्री' लिहिले तरी चालत होते, ती पणजी येथे नावाने भेटण्याचा संभव आहे.

अर्थात या वह्यांनाही हेच निकष लावले पाहिजेत. परदेशी धर्मगुरूने ऐकले तसे लिहिलेले गावाचे नाव ओळखणे कठीण जाते. गोरेगाव नावाची अनेक गावे असल्याने तालुका पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये. धर्मप्रांतांच्या सीमाही बदलल्या आहेत. औरंगाबाद धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा झाला तो १९७७ साली. म्हणून जुनी नोंद आजच्या जवळच्या चर्चमध्ये नसून, ज्या जुन्या केंद्रातून धर्मगुरू फिरतीवर येत तेथे असू शकते. १९१७ च्या धर्मविधीसंहितेने धर्मग्रामाच्या या वह्यांची प्रत दर वर्षअखेर बिशपांच्या कार्यालयाकडे धाडावयास सांगितले होते. मूळ वही वाळवीने खाल्ली असली तरी प्रतीचा शोध घेणे व्यर्थ नव्हे. आणि वहीत नाव सापडलेच, तरी त्यावरून स्नानसंस्कार झाला एवढे कळते. मन कसे वळले ते कळत नाही. ते ना सरकारच्या पुस्तकात आहे, ना आमच्या.

काही श्रद्धाळू वाचकांना अशी चिकित्सा रुचत नाही. त्यांना आम्ही नाताळच्या वाचनाची आठवण करून देतो. संत लूकच्या शुभवर्तमानात योसेफ आणि मरिया नावनिशीसाठी बेथलेहेमास जातात आणि क्विरिनियाच्या कारकिर्दीचा उल्लेख येतो. इतिहासकार योसीफस ज्या नावनिशीविषयी लिहितो ती इसवी सन ६ ची. हेरोद राजा त्याआधी सुमारे दहा वर्षे वारला असे बहुतेक पंडित मानतात. हा मेळ कसा बसवावा यावर ख्रिस्ती विद्वानांनीच शतकानुशतके खल केला आहे. त्या चर्चेने गव्हाणीतले बाळ कोणाच्या घरातून नाहीसे झाले नाही. मग आपल्या आजीच्या आठवणी आणि निजामाचे तक्ते शेजारी ठेवून तपासण्याची भीती आपण का बाळगावी?

पत्रलेखकांना आम्ही कळविले ते असे. पणजोबांचे नाव खानेसुमारीच्या छापील खंडांत मिळणार नाही. तसेच ते तेथे नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही. परिचितांनी पुढे केलेला तक्ता खरा आहे, त्यांनी काढलेला अर्थ खरा नाही. मराठवाड्यातील जुन्या मिशनकेंद्रांच्या वह्या पाहाव्यात, गावातील १९५० च्या दशकातील खासरा पाहणीचे कागद आणि शाळेचे जुने रजिस्टर पाहावे, आणि आजीकडून ऐकलेले सारे आधी तारीखवार लिहून ठेवावे. नंतर जनगणनेचे खंड उघडावेत. पणजोबा ज्या दुष्काळातून वाचले तो केवढा होता, हे मात्र त्यांना तेथेच कळेल.

आमच्या इतर वाचकांनाही एक विनंती आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेचा संदर्भदिन देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ असा ठरविला आणि तीत जातीची नोंदही घेण्याचे ठरले. निजामाच्या संस्थानातील १९०१ ची गणनाही १ मार्चचीच होती. दारी येणाऱ्या गणकाला धर्म, जात, भाषा यांविषयी आपण जे सांगू तेच शंभर वर्षांनी कोणीतरी पुरावा म्हणून वाचणार आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून ती उत्तरे आधी ठरवावीत, गणक काय लिहितो ते पाहावे, आणि आपले खरे उत्तर दुसऱ्या कोणाला आपल्या वतीने भरू देऊ नये. आणि आपल्या धर्मग्रामातील जुन्या नोंदवह्या कोणत्या कपाटात, कोणत्या स्थितीत आहेत, याची चौकशी येत्या रविवारी मिस्सानंतर फादरांकडे अवश्य करावी.